डाव्या चपलेचं पॅकिंग

आधी बॅटरीची तार काढ.

परशराम म्हणाला तसं अक्काताईनं केलं. तार बाजूला घेतली, तिच्या टोकाला चिंधी गुंडाळली.

परशराम तिचा नवरा. सोप्यातली बाज त्यानं उंबऱ्याला भिडवून घेतली होती, अंगणातली जीप दिसावी म्हणून. तिथून त्याला उघडं बॉनेट दिसे आणि बॉनेटखाली वाकलेल्या बायकोची पाठ दिसे. इंजिन दिसत नसे. इंजिन त्याला पाठ होतं. डावा पाय दोन उशांवर ठेवलेला, त्यावर जुन्या धोतराचं फडकं. फडकं उचलायचं ते फक्त अक्काताईनं, आणि तेही घरात कुणी आलेलं नसताना.

"तार का काढायची, ठावं हाय?"

तिला ठाऊक नव्हतं.

"आता पेट्रोल सांडणार तू. एक ठिणगी पडली की गाडी बी गेली, तू बी गेलीस. मग माझ्या पायाचं बघायला कोण राहिलं?"

तो हसला. ती हसली नाही. पुढं काय, एवढंच तिनं विचारलं.

पाना घे. अर्ध्या इंचाचा. आकडा वाचू नको, बोल्टावर बसवून बघ.

इथं आधीचं सांगायला पाहिजे.

जीप मिलिटरीची, पेट्रोलवर चालणारी. बेळगावच्या कॅम्पात लिलाव झाला तेव्हा परशरामनं घेतली होती. हिरवा रंग तसाच ठेवला. निपाणीच्या अलीकडं त्यांचं गाव. तिथून तो वखारीवर गोणपाटात बांधलेली तंबाखूची बोदं न्यायचा, माणसं न्यायचा, लग्नाची वऱ्हाडं न्यायचा, अडलेल्या बाळंतिणी न्यायचा. गावात दुसरी गाडी नव्हती. रस्त्यानं जाताना लोक त्याला नावानं हाक मारायचे नाहीत, हात वर करायचे.

चाक बदलताना स्टेपनी डाव्या अंगठ्यावर पडली. त्यानं हळद बांधली आणि तसाच गाडीवर बसला. डाव्या पायानं क्लच दाबायचा, त्याच पायानं दाबत राहिला. त्याला साखरेचा रोग आहे हे तोवर त्याला माहीत नव्हतं. अंगठा काळा पडला. मग शेजारची बोटं. मग काळेपणा पावलावर चढायला लागला आणि घरात वास यायला लागला.

निपाणीच्या डॉक्टरनं बघितल्याबरोबर सांगितलं, मोठ्या इस्पितळात न्या, पाऊल कापावं लागेल. आत्ता गेलात तर घोट्याशी भागेल, नाहीतर गुडघा, नाहीतर त्याच्याही वर. परशराम तिथं काही बोलला नाही. घरी येऊन बोलला. डावा पाय नसलेला ड्रायव्हर म्हणजे शेतातलं बुजगावणं, असं म्हणाला, आणि भिंतीकडं तोंड करून झोपला.

होळीचा सण होता. शेजारून पुरणाच्या पोळ्या आल्या त्या तशाच राहिल्या. अक्काताई उंबऱ्यात बसून राहिली, तिनं चूल पेटवली नाही, पाणीसुद्धा घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं तिला यल्लम्माचा भंडारा आणायला सांगितला. देव्हाऱ्यातली ती हळदीची पिवळी पिशवी. त्यानं तिच्यात हात घातला, मूठ कपाळापर्यंत उचलली आणि अट सांगितली. जीप चालू झाली की मी तिच्यात बसीन. एस्टीत नाही, दुसऱ्याच्या गाडीत नाही. आणि माझ्या गाडीला परक्याचा हात लागता कामा नये.

भंडारा उचलून शब्दाला फिरलेल्या माणसाच्या हातचं पाणी त्या गावात कुणी पीत नाही. म्हणून आता या अटीतून कुणाची सुटका नव्हती. आणि जीप तर बंद होती. पायाचं होण्याच्या थोडं आधी टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडं ओढणारा तिचा पंप गेला होता, तो बदलायचा राहिला होता. तो बदलणारा एकच माणूस, आणि तो बाजेवर. धाकटा भाऊ भावकू गाडी चालवायचा, पण त्याच्या हाताला घाई. एकदा त्यानं बोल्टाचे आटे घालवले होते, तेव्हापासून त्याला पाना धरायची बंदी होती. म्हणजे अट नव्हतीच ती. नकारच होता, देवीच्या नावानं दिलेला.

मग अक्काताई म्हणाली, "माझा हात परक्याचा हाय काय?"

परशरामच्या बोटांना अजून भंडारा लागलेला होता. त्यानं ती बोटं बघितली. बायकोचे हात बघितले. बिड्या वळून वळून टोकाशी तासल्यासारखी झालेली तिची बोटं.

"न्हाय," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

नळीचा नट सोड. डावीकडं. सुटला की बोट लाव, न्हायतर टाकी रिकामी करशील.

नट सुटला. पेट्रोल मनगटावरून कोपरापर्यंत आलं, थंडगार. लिंबाच्या काडीची खुंटी करून ठेव, असं त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. तिनं ती नळीत ठोकली.

दोन बोल्ट सुटायला अख्खी दुपार लागली. पंप इंजिनाच्या कुशीत, खाली, हात धड वळत नाही अशा जागी. भावकू वखारीवरून जेवायला आला, थोडा वेळ वाकून बघत राहिला आणि म्हणाला की वैनी, माझी मूठच तिथं जाणार न्हाय. अक्काताईची गेली. बाजेवरून प्रश्न सुरूच होते. किती फिरला, कुठं अडला, आवाज कसला आला? दिसत नव्हतं ते सगळं तो कानानं बघत होता.

"बीडी वळतीस का बोल्ट काढतीस गं?"

"बीडीला एवढा येळ लागला असता तर मुकादमानं हाकललं असतं," ती आतूनच म्हणाली.

तेव्हा तो मोठ्यानं हसला. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा. तिला वाटलं, हा येतोय. हळूहळू वाटेवर येतोय माणूस.

पंप निघाला. त्यानं तो मागून घेतला, मांडीवर ठेवून खोलला आणि आतला फाटलेला पडदा तिला दाखवला. इंजिन पंपाची ही दांडी ढकलतं, दांडी या पडद्याला वर-खाली ओढते, म्हणून पेट्रोल टाकीतून वर येतं. पडदा फाटला की पेट्रोल इंजिनाच्या तेलात उतरतं. जा, तेलाची सळई काढून वास घे.

तिनं घेतला. तिला कळेना. पेट्रोल आहे का नाही ते सांगता येईना. ती सकाळी त्याच्या पायाचं फडकं बदलून आलेली होती आणि नाकात तेवढंच होतं.

"न्हाय कळत," ती म्हणाली.

 तो म्हणाला, तेल बदलू.

थांब.

नव्या पंपासाठी थांबावं लागलं. निपाणीत मिळेना. भावकू तंबाखूच्या ट्रकवर बसून कोल्हापूरला गेला, तिथं दुकान बंद, दुसऱ्यांदा गेला. मग तेल. तेलाचा डबा आणायला आणखी एक दिवस. दरम्यान काळेपणा घोट्याच्या वर आला. घोट्याशी भागेल, असं डॉक्टर म्हणाला होता तो घोटा.

त्या दिवसांत कुठल्या इस्पितळात जायचं यावर बोलणं झालं. भावकू म्हणत होता कोल्हापूर. जवळ आहे, सडक सरळ आहे. डॉक्टरही तेच म्हणाला होता. परशराम म्हणाला बेळगाव. तिथल्या अनगोळात त्याची थोरली बहीण होती, गुणाबाई. अक्काताईनं इस्पितळाच्या व्हरांड्यात झोपायचं, तिच्या तोंडात दोन घास कोण घालणार? गुणाबाई आक्का घालेल. कोल्हापुरात आपलं कोण आहे?

अक्काताई आत जाऊन रडली. पाय जायचा आहे याचा, आणि त्याला माझ्या जेवणाची काळजी.

ते कागदाचं पॅकिंग चुलीत घाल.

नवा पंप खोक्यात होता, त्याच्याबरोबर पातळ कागदाचं एक पॅकिंग होतं, पंप आणि इंजिन यांच्या मध्ये घालायचं. परशरामनं ते उजेडात धरलं, बोटांत चोळलं. आजकालचा कागद, म्हणाला, दोन दिवसांत तेल पिऊन भिजतो. कातडं टिकतं. मिलिटरीत कातडंच घालायचे. तिनं कागद चुलीत घातला.

कातडं कुठलं घ्यायचं, तर तो म्हणाला, माझी डावी चप्पल आण.

निपाणीच्या चांभाराकडून करून घेतलेली जोडी. एका उन्हाळ्यात वापरलेली. तिनं डावी आणली आणि हातात धरून उभी राहिली.

"बघतीस काय? तिचं आता काम काय हाय? काप."

तिनं तळ उसवला. पानं कापायच्या कात्रीनं कातड्याचा तुकडा कापला, जुन्या पंपाचं तोंड त्यावर ठेवून कोळशानं रेघ ओढली, आतली खिडकी कोरली, बोल्टाची भोकं पाडली. हे काम तिच्या हाताचं होतं. पत्र्याचा फर्मा ठेवून पान कापतात तसंच. कापता कापता तिला कळलं की माणसानं मनाशी ठरवलं आहे. नाहीतर डावी चप्पल कोण देतो?

तिनं तुकडा दाखवला.

"दोन पदर घे," तो म्हणाला. "एक कमी पडतो."

तिनं दुसराही कापला.

हँडल मार. सावकाश. दांडीला जागा झाली की पंप आत सरकतो, ढकलू नको.

सरकला. बोल्ट बसले, नळ्या बसल्या, तार बसली. भावकूनं संध्याकाळी स्टार्टर मारला. दोनदा घरघर, तिसऱ्यांदा जीप चालू झाली. परड्यातली कोंबडी उडाली. शेजारपाजारची माणसं आली. अक्काताई कोपरापर्यंत काळी, अंगणात उभी, आणि तिला बसवेना.

परशराम बाजेवरून म्हणाला, आता अंधार होईल, उद्या सकाळी बसवा मला. भंडाऱ्याचं लक्षात हाय.

सकाळी त्यानं दाढी करून घेतली. भावकूनं आणि शेजारच्या मष्णूनं त्याला उचलून जीपमध्ये मागं घातलं. खाली गवताची गादी, पाठीला हत्यारांची गोणी. त्यानं कुरकुर केली नाही. गावातून निघताना लोकांनी हात वर केले, त्यानं झोपल्या झोपल्या केला.

(मागून एकही सूचना नाही.)

निपाणी सोडली की तवंदीचा घाट लागतो. पहिलं वळण जीप नीट चढली. दुसऱ्या वळणाच्या तोंडाशी तिनं दोन आचके दिले आणि बंद पडली.

भावकूनं ब्रेक धरला, अक्काताईनं उतरून चाकाला दगड लावला. थोड्या वेळानं स्टार्टर मारला तर चालू झाली. हाकेच्या अंतरावर गेली. बंद. परत दगड, परत थांबणं, परत चालू, परत बंद. स्टार्टरचा आवाज आता घोगरा यायला लागला होता. वरून येणारे ट्रक हॉर्न देत अंगावरून जात होते.

परशराम मागून म्हणाला, "जुनी गाडी हाय. दमली. फिरवा माघारी. उताराला इंजिन लागत न्हाय, बंद गाडी बी घरापत्तुर जाईल."

भावकूनं वहिनीकडं बघितलं. त्याचा हात स्टेअरिंगवर होताच. फिरवायला जागाही होती.

अक्काताई नवऱ्याकडं बघत होती. ताप होता तरी त्याचं कपाळ निवांत होतं. आणि तिच्या ध्यानात आलं की त्यानं विचारलं नाही. अंगणात एकेका बोल्टाला शंभर प्रश्न विचारणारा माणूस. किती फिरला, कुठं अडला, आवाज कसला आला? इथं चार वेळा गाडी बंद पडली आणि त्यानं एकदाही काही विचारलं नाही.

भावजी, फिरवू नका. दुसरा दगड लावा.

हे ती म्हणाली.

तिनं बॉनेट उघडलं. कार्बुरेटरकडं जाणारी नळी सोडली आणि भावकूला हँडल मारायला सांगितलं. परशराम स्वतः हे करायचा तेव्हा तिनं अंगणातून कितीदा पाहिलं होतं. नळीतून पिचकारी उडायची. या वेळी घरी त्यानं ते करायला लावलं नव्हतं. भावकूनं हँडल मारलं. नळीच्या तोंडाशी पेट्रोल आलं आणि लहान पोराच्या लाळेसारखं खाली ओघळलं.

सपाटीला तेवढं पुरत होतं. चढाला पुरत नव्हतं.

बॅटरीची तार. खुंटी. नट. दोन बोल्ट, गरम, बोटं भाजत होती. पंप हातात आल्यावर तिनं दांडीचं टोक पुसून बघितलं. जुन्या पंपाची दांडी घासून घासून बोटभर रुंद चकाकत होती. या दांडीला अगदी शेवटी, कडेला, केसाएवढी रेघ. म्हणजे इंजिन दांडीला नुसतं शिवत होतं. ढकलत नव्हतं. पंप लांब बसला होता. फळीवरच्या डब्याला हात पुरू नये तसं, दोन पदरांएवढं लांब.

ती कातड्याचे तुकडे हातात घेऊन उभी राहिली. चुलीत घातलेला तो पातळ कागद तिला आठवला. मग कोल्हापूरची सडक आठवली. निपाणीपासून कोल्हापूरपर्यंत एक चढ नाही. तिथं ही जीप अशीसुद्धा गेली असती.

ती मागच्या बाजूला आली.

"ह्ये तुमास्नी ठावं हुतं."

परशरामनं तुकड्यांकडं बघितलं. नाकारलं नाही.

"एक पदर काढला तर चढंल?"

"न्हाय चढायची. कातडं ते कातडंच."

"आणि गुणाबाई, माझं जेवण, त्ये सगळं..."

"सपाट रस्त्यानं तू मला न्हेलं असतंस."

"भंडारा उचललासा तुमी."

"बसीन म्हणालतो. बसलोय की."

भावकू पुढं उभा होता. तो दरीकडं तोंड करून लांब जाऊन थांबला.

परशराम आता हळू बोलायला लागला. पाय कापू देऊ नको म्हणाला. घरी चल. हाय तेवढे दिवस अंगणात बसतो, गाडी समोर असू दे, भावकू चालवील, मी आवाज ऐकीन. ती म्हणाली, पाय गेला तरी हे सगळं होईलच की, भावकू चालवेल, तुम्ही ऐकाल.

"मग मी कशाला पायजे?"

 घाटातलं ऊन वाढत होतं, जीपच्या ताडपत्रीखाली पायाचा वास कोंडला होता. हातोडी त्याच्या पाठीखालच्या गोणीत होती. तिनं मागितली. त्यानं पाठ उचलली नाही. तेव्हा तिनं त्याच्या पाठीखाली हात घातला. पाठ तव्यासारखी तापलेली. तिनं चाचपून हातोडी शोधली आणि ओढून काढली.

कडेकडेनं ठोक. जोरात न्हाय.

हे कुणी म्हणालं नाही. पण तिला ऐकू येत होतं, त्याच्याच आवाजात, इतक्या दिवसांची सवय लागली होती. तो स्वतः मागं ओठ मिटून पडला होता.

डॉक्टरनं दिलेल्या इंजेक्शनांचा पातळ पुठ्ठ्याचा खोका पिशवीत होता. तिनं बाटल्या पदरात बांधल्या आणि खोका फाडून सरळ केला. पुठ्ठा पंपाच्या तोंडावर धरला आणि धातूच्या कडेवर हातोडीनं टिचक्या मारत गेली. कडेवर पुठ्ठा आपोआप कापला जातो, नेमका त्या मापाचा. हेही तिनं कधीतरी पाहिलेलं होतं. पहिला तुकडा बोल्टाच्या भोकाशी फाटला. दुसरा तिनं बोटानं तेल लावत लावत, श्वास धरून केला. तो निघाला.

हँडल. दांडीला जागा. सरकला. बोल्ट आळीपाळीनं, थोडा हा, थोडा तो.

नळी जोडण्याआधी तिनं परत भावकूला हँडल मारायला लावलं. पेट्रोलची पिचकारी तिच्या लुगड्यावर आली.

स्टार्टरला आता जीव नव्हता. भावकूनं हँडलनंच मारली. एकदा. दोनदा. जीप चालू झाली, आणि या वेळी आवाज वेगळा होता, भरलेला. भावकू आत चढला. अक्काताई मागं नवऱ्याच्या उशाशी बसली.

परशरामचे डोळे मिटलेले होते. वरच्या वळणावर भावकूनं गिअर बदलला, इंजिननं चढ उचलला आणि आचका दिला नाही. तो ऐकत होता. ऐकू नये असं वाटत असूनही ऐकत होता.

"पंप बसलाय," तो म्हणाला. ताडपत्रीला म्हणाला, तिला नाही.

थोड्या अंतरावर परत, "कापू देत."

तिनं त्याच्या छातीवर हात ठेवला. त्यानं तो राहू दिला.

बेळगाव.

इस्पितळातल्या डॉक्टरनं फडकं काढलं. घोटा बघितला, पोटरी बघितली. मांडी दाबत दाबत वर गेला, जांघेत दोन बोटं रुतवून थांबला. परशराम ओरडला नाही. डॉक्टरनं भावकूला विचारलं, निपाणीत कधी सांगितलं होतं? भावकू म्हणाला, होळीला. डॉक्टरनं परत विचारलं, या होळीला? आणि मग इतके दिवस काय करत होता?

भावकू म्हणाला, गाडीचा पंप गेलता.

डॉक्टर शेजारच्या नर्सबाईला कानडीत म्हणाला, "तड आयतु."

उशीर झाला. अक्काताईला कानडी येत होतं. तिला मराठीत सांगायच्या आधी कळलं. मराठीत त्यानं जरा मोठं करून सांगितलं. विष जांघेच्या वर गेलंय, रक्तात गेलंय. आता कुठं कापायचं? टेबलावरच जाईल माणूस. घरी न्या, खायचं ते खाऊ द्या.

ती व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी राहिली. घाटातला उशीर एका सकाळचा होता. तेवढ्यानं काही झालं नव्हतं. झालं होतं ते अंगणात. एकेक बोल्ट, कोल्हापूरच्या दोन फेऱ्या, तेलाचा डबा, कात्रीनं कापलेलं कातडं. मी माझा हात पुढं केला नसता तर? तर भावकूनं आणि मष्णूनं त्याला बांधून एस्टीत घातलं असतं, भंडारा असो की काही असो. त्यानं शिव्या दिल्या असत्या. पाऊल गेलं असतं. ती शिकत होती ते दिवस. तो हसला होता तो दिवस.

गुणाबाई अनगोळातून डबा घेऊन आली. आधी तिला कळेना, मग ती रडायला लागली. राहा म्हणाली चार दिवस. परशराम म्हणाला, न्हाय आक्का, घरी जातो.

दुसरा गिअर टाक. उताराला न्यूट्रल नको.

दुसऱ्या दिवशी परतताना त्याला मागं झोपायचं नव्हतं. पुढं बसवा म्हणाला. भावकूच्या शेजारी, दाराला टेकवून, दोरानं सैल बांधून बसवलं. डावा पाय समोर लांब केलेला. दोन्ही पाय घेऊन घरी निघालेला माणूस. ताप होता, डोळे चमकत होते, आणि तो बोलत होता. संकेश्वर येईपर्यंत बोलत होता. हा रस्ता आधी कसा होता, कुठल्या वळणावर कुणाचा ट्रक गेला, भावक्या तू क्लचवर पाय ठेवून चालवतोस, प्लेट जळंल, पाय काढ. भावकूनं पाय काढला. भावकू हुंकार देत होता आणि मधूनच मनगटानं नाक पुसत होता.

अक्काताई मागं बसली होती, काल तो झोपला होता तिथं, गवताच्या गादीवर.

घाट सुरू व्हायच्या आधी एक लहान चढ आहे. जीप तो न कुरकुरता चढली. परशराम मान वाकडी करून ऐकत होता.

"अक्काताई."

तिनं मान वर केली.

"पॅकिंग कशाचं घातलंस गं?"

भावकूनं आरशातून वहिनीकडं बघितलं. त्याला माहीत होतं, पण त्याला विचारलं नव्हतं.

"कागद तर चुलीत गेलता," परशराम म्हणाला. "कातडं असतं तर एवढं वढलं नसतं. पत्रा न्हवं, पत्र्याला आवाज येतो. कशाचं घातलंस?"

ती बाहेर बघत होती. शेतात तंबाखूची खुंटं उभी होती, पानं काढून नेलेली.

"सांग की. मला कळाय नको व्हय?"

तिच्या पदराला अजून इंजेक्शनच्या बाटल्यांची गाठ होती. ती सोडायची राहिली होती. तिनं ती गाठ मुठीत धरली आणि तशीच बसून राहिली. जीप घाटाच्या तोंडाशी आली, उतार लागला. भावकूनं दुसरा गिअर टाकला. पुढच्या वळणावर परशरामनं परत विचारलं, आणि त्याच्या पुढच्या वळणावरही.